३३३ विरुद्ध १११

नेता बदलायला महाराष्ट्राला नोव्हेंबरचा उत्तरार्ध फार मानवतो. २० नोव्हेंबर १९६२ रोजी मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले, कारण चीनच्या आक्रमणाने हादरलेल्या पंडित नेहरूंनी यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावून घेतले होते. वर्ष सरते न सरते तोच, २४ नोव्हेंबर १९६३ ला, कन्नमवार पदावर असतानाच गेले. दुसऱ्या दिवशी हंगामी कारभार बाळासाहेब सावंतांकडे आला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या नावात आज आपल्याला भेटतात ते हेच सावंत. ५ डिसेंबरला वसंतराव नाईक आले आणि अकरा वर्षांहून अधिक काळ राहिले. यशवंतरावांचे निधनही २५ नोव्हेंबरचेच, १९८४ सालचे. अलीकडच्या तारखा तर सर्वांना पाठ आहेत : २३ नोव्हेंबर २०१९ चा पहाटेचा शपथविधी, २३ नोव्हेंबर २०२४ चा निकाल आणि त्यानंतर नेत्याचे नाव जाहीर होईपर्यंत गेलेले अकरा दिवस.

यशवंतरावांच्या स्मृतिदिनी राज्यभर हार घातले जातात, तसे नाशिकमध्येही घातले जातात. इथे त्यांच्या नावाचे मुक्त विद्यापीठ आहे. संरक्षणमंत्री झाल्यावर ते लोकसभेत गेले तेही नाशिकमधून, बिनविरोध. हा अभिमान आपण वारंवार मिरवतो. पण त्याच्या सात वर्षे आधी याच यशवंतरावांच्या विरोधात नेतेपदासाठी उभा राहिलेला आणि हरलेला माणूस नाशिक जिल्ह्याचा होता, ही गोष्ट हार घालताना कुणी काढत नाही. ती काढावी म्हणून हा अग्रलेख.

भाऊसाहेब हिरे मालेगाव तालुक्यातल्या निमगावचे. महात्मा गांधी विद्यामंदिर ही संस्था त्यांची, आणि नव्या पिढीला ते ठाऊक असतील तर बहुधा त्या संस्थेच्या एखाद्या कॉलेजच्या पाटीवरून. राज्याच्या इतिहासात मात्र त्यांची जागा महसूलमंत्री म्हणून आहे. १९५२ नंतरच्या मुंबई राज्याच्या मंत्रिमंडळात ते महसूल खाते सांभाळत होते, आणि कुळकायद्यात ज्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमिनीचा मालक केले ती १९५६ ची दुरुस्ती त्यांच्या कारकिर्दीतली. १ एप्रिल १९५७ हा त्या कायद्यातला ‘कृषक दिन’. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता त्याच्याकडे मालकी जाणार, असा त्याचा अर्थ. नाशिक जिल्ह्यात आज द्राक्षबागा उभ्या असलेल्या कितीतरी शिवारांच्या सातबाऱ्याची कहाणी या तारखेपाशी जाऊन पोचते.

त्या मंत्रिमंडळाचे प्रमुख होते मोरारजी देसाई. त्यांच्या निवडीचीही एक गंमत आहे. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते स्वतःच्या मतदारसंघात अवघ्या १९ मतांनी पडले होते. तरीही काँग्रेसच्या आमदारांनी त्यांनाच नेता केले आणि पुढे पोटनिवडणुकीतून ते सभागृहात आले. मतदारांनी नाकारलेला माणूस पक्षाने मुख्यमंत्री केला, आणि पक्षाला ते पचले. घटनेच्या १६४ व्या अनुच्छेदात राज्यपाल मुख्यमंत्र्यांची नेमणूक करतात एवढेच लिहिले आहे. बहुमतवाल्या पक्षाने आपला नेता कसा ठरवावा, याबद्दल घटनेत एक अक्षर नाही. ती गोष्ट पक्षांच्या विवेकावर सोडलेली आहे. विवेकावर सोडलेल्या गोष्टींचे आपल्याकडे काय होते, हे वेगळे सांगायला नको.

१९५५-५६ ची दोन वर्षे मराठी काँग्रेसवाल्यांसाठी इकडे आड तिकडे विहीर अशी होती. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. डिसेंबरच्या आरंभी फलटणला यशवंतरावांनी संयुक्त महाराष्ट्रापेक्षा नेहरूंचे नेतृत्व आपल्याला मोठे वाटते असे सांगून मराठी जनमताचा रोष ओढवून घेतला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि पुन्हा रक्त सांडले. ऑगस्टमध्ये संसदेने तिसरीच वाट काढली : गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, विदर्भ, मराठवाडा असे सगळे एकत्र बांधून विशाल द्विभाषिक मुंबई राज्य. १ नोव्हेंबर १९५६ ला ते अस्तित्वात यायचे होते आणि त्याआधी काँग्रेसच्या आमदारांना नेता निवडायचा होता.

मोरारजींची इच्छा होती, पण अट एकच : निवड एकमताने झाली पाहिजे. आपल्यासाठी मतदान घ्यावे लागणे हाच त्यांना कमीपणा वाटत होता. भाऊसाहेबांनी माघार घेतली असती तर मोरारजी पुन्हा मुख्यमंत्री झाले असते आणि पुढचा सगळाच इतिहास वेगळ्या वाटेने गेला असता. भाऊसाहेबांनी माघार घेतली नाही. मोरारजी बाजूला झाले आणि पुढे केंद्रात मंत्री म्हणून गेले. मग रिंगणात आले त्रेचाळीस वर्षांचे यशवंतराव. ऑक्टोबरमध्ये मतमोजणी झाली : चव्हाण ३३३, हिरे १११.

बेरीज ४४४. बरोबर तिनास एक. इतका नेटका आकडा खऱ्या आयुष्यात क्वचितच पडतो.

या निकालाचा अर्थ लावताना आपल्याकडे दोन सोप्या वाटा आहेत आणि दोन्ही चुकीच्या आहेत. एक वाट जिल्ह्याच्या अस्मितेची. नाशिकचा माणूस डावलला गेला, नाशिकला आजवर मुख्यमंत्रिपद मिळाले नाही, हा अन्याय १९५६ पासूनचा आहे, वगैरे. नाशिक जिल्ह्याचा एकही मुख्यमंत्री झाला नाही हे खरे. पण भाऊसाहेबांना कुणी डावलले नव्हते. ते उभे राहिले, मते मोजली गेली, ते हरले. डावलणे वेगळे आणि हरणे वेगळे. दुसरी वाट जुन्या काळाच्या आरतीची. बघा, तेव्हा कशी निकोप लोकशाही होती! ती तितकीशी निकोपही नव्हती. द्विभाषिकातल्या गुजराती आमदारांचा कल भाऊसाहेबांच्या विरोधात होता, कारण ते संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीशी अधिक जोडलेले मानले जात. मोरारजींना अडवणारा माणूस त्यांना नकोच होता. दिल्लीची मर्जी कुठे आहे याचाही अंदाज सर्वांना होता. त्या वेळी मराठी मुलखात रस्त्यावर मत घेतले असते तर ३३३ आणि १११ यांची अदलाबदल झाली असती, असे मानायला भरपूर जागा आहे.

म्हणजे आमदारांनी जनमताच्या उलट कौल दिला. आणि तरीही त्या कौलातून आलेल्या माणसानेच पुढे द्विभाषिक चालत नाही हे दिल्लीच्या गळी उतरवले आणि १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्राचा मंगल कलश आणला. अर्थात त्यामागे १०६ हुतात्मे होते आणि १९५७ चा निकालही होता, ज्यात पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण झाली. नाशिकनेच त्या वर्षी लोकसभेवर दादासाहेब गायकवाडांना निवडून दिले. तेव्हा मतमोजणीने योग्यच माणूस निवडला जातो असा दावा इथे करायचा नाही. तिचा उपयोग दुसराच आहे.

१११ हा आकडा नीट पाहिला की तो कळतो. त्या दिवशी नेता झालेल्या यशवंतरावांना एक गोष्ट पक्की समजली : आपल्या पक्षातला दर चौथा आमदार आपल्याबरोबर नाही. ती कुजबुज नव्हती, कुणाच्या बंगल्यावरच्या जेवणावळीतून काढलेला अंदाज नव्हता. नोंदलेला आकडा होता. राज्य करणाऱ्या माणसाला आपला विरोध किती आणि कुठल्या भागात आहे, हे पहिल्याच दिवशी कळणे ही केवढी मोठी शिदोरी! आणि हरलेल्यालाही आपले बळ किती ते कळले. तो १११ चा नेता म्हणून बोलू शकत होता, १५० चा आव आणू शकत नव्हता. भाऊसाहेब पक्ष सोडून गेले नाहीत. १९६१ मध्ये ते वारले तेव्हा महाराष्ट्र राज्य दीड वर्षाचे झाले होते. यशवंतरावांच्या आयुष्यभराच्या बेरजेच्या राजकारणाबद्दल आपण पुष्कळ ऐकतो. बेरीज करायला आधी आकडे हातात असावे लागतात आणि त्यांचा पहिला आकडा १९५६ मध्ये मिळालेला होता.

आता १९६३ कडे येऊ. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, या वाक्यावर आपल्याकडच्या दोन पिढ्या वाढल्या. युद्धाचा काळ, देश एक झालेला. विरोधी पक्षांनी नाशिकच्या पोटनिवडणुकीत उमेदवार दिला नाही आणि यशवंतराव बिनविरोध लोकसभेत गेले. त्या प्रसंगाची भव्यता कुणी नाकारत नाही. त्यांच्याच संरक्षणमंत्रिपदाच्या काळात, १९६४ मध्ये, ओझरला मिग विमानांचा कारखाना सुरू झाला आणि नाशिकच्या औद्योगिक नकाशाचा कोपराच बदलला. पण ‘नाशिककरांनी यशवंतरावांना निवडून दिले’ असे जे आपण भाषणात म्हणतो, ते तपासायला हवे. त्या निवडणुकीत एकाही नाशिककराने मत दिलेले नाही. मतदानच झाले नाही. जिल्ह्याच्या राजकीय अभिमानाची सर्वांत मोठी घटना ही आपला हात न लागता घडलेली आहे. युद्धात ते शोभून दिसले. एरवीही तेच शोभते असे आपल्या पक्षांना हळूहळू वाटू लागले, हा पुढचा भाग.

यशवंतरावांनाही यातून सोडता येणार नाही. दिल्लीला जाताना त्यांनी मागे कन्नमवारांचे नाव पुढे केले. विदर्भाचा माणूस मुख्यमंत्री झाला तर नव्या राज्यात विदर्भ मनाने सामील होईल, हा हिशेब चतुर होता आणि राज्याच्या हिताचाही होता. कन्नमवारांनंतर बाळासाहेब देसाईंच्या नावाची चर्चा होती, पण पुन्हा विदर्भाचेच वसंतराव नाईक आले आणि त्यामागेही दिल्लीत बसलेल्या यशवंतरावांचा शब्द होता. ३३३ मतांनी निवडून आलेल्या नेत्याने आपल्या पश्चात दोनदा नेता ठरवताना तशी मोजणी होऊ दिली नाही. मुंबईचा मुख्यमंत्री दिल्लीहून ठरण्याचा पायंडा इंदिराबाईंनी पाडला, असे आपण सरसकट म्हणतो. तो रस्ता आधीच आखलेला होता. इंदिराबाईंनी त्यावर डांबर टाकले.

ते मात्र चांगले जाड टाकले. १९७५ मध्ये नाईकांच्या जागी शंकरराव चव्हाण, १९८० मध्ये अंतुले, जानेवारी १९८२ मध्ये बाबासाहेब भोसले. बाबासाहेबांचे नाव ऐकून खुद्द त्यांच्या पक्षाचे आमदार चकित झाले होते. या काळात निरीक्षक नावाची संस्था जन्माला आली. दिल्लीहून दोन जण येणार, आमदारांना एकेकट्याने भेटणार, कुणाचे काय मत पडले ते वहीत लिहून घेणार आणि ती वही घेऊन परत जाणार. सभागृहात मग एका ओळीचा ठराव : नेता निवडीचे सर्वाधिकार पक्षाध्यक्षांना. सूचक, अनुमोदक, टाळ्या. त्या वह्यांत कुणाला किती मते होती हे आजवर कुणालाही कळलेले नाही. ज्या पक्षाने १९५६ मध्ये उघड आकडा जाहीर केला होता, त्याने तीस वर्षांच्या आत मत घेऊन ते गुप्त ठेवण्याची कला अवगत केली.

काँग्रेसवर बोट ठेवून बाकीच्यांनी खुश होऊ नये. शिवसेनेत तर कधी मताचा प्रश्नच नव्हता. जानेवारी १९९९ मध्ये मातोश्रीवरून पत्र आले, मनोहर जोशींनी राजीनामा दिला आणि १ फेब्रुवारीला नारायण राणे मुख्यमंत्री झाले. त्यात निदान खोटेपणा नव्हता. पक्ष कुणाच्या शब्दावर चालतो हे सर्वांना माहीत होते. शिस्तीचा पक्ष म्हणवणाऱ्या भाजपनेही काँग्रेसची निरीक्षकांची रीत जशीच्या तशी उचलली. ४ डिसेंबर २०२४ ला निर्मला सीतारामन आणि विजय रूपाणी निरीक्षक म्हणून विधान भवनात आले आणि देवेंद्र फडणवीस यांची एकमताने निवड झाली. फडणवीसांना त्या दिवशी मतदानाची भीती बाळगायचे काहीच कारण नव्हते. १३२ आमदार, एवढा मोठा विजय, दुसरे नाव स्पर्धेत टिकण्यासारखे नव्हते. मतपेटी ठेवली असती तरी तेच निवडून आले असते, आणि तेही वजनदार आकड्याने. तरी ती ठेवली गेली नाही. १ जुलै २०२५ ला रवींद्र चव्हाण प्रदेशाध्यक्ष झाले तेव्हाही अर्ज एकच होता.

नाशिक जिल्ह्यात विधानसभेच्या पंधरा जागा. २०२४ मध्ये त्यांतल्या चौदा महायुतीकडे गेल्या : राष्ट्रवादीकडे सात, भाजपकडे पाच, शिवसेनेकडे दोन. मालेगाव मध्य तेवढी वेगळी. म्हणजे जिल्ह्यातला जवळपास प्रत्येक मतदार आज सत्ताधारी आमदाराचा मतदार आहे. या चौदांपैकी किती जणांनी आपल्या पक्षाच्या नेतेपदासाठी कधी कागदावर खूण केली आहे? राज्याचा मुख्यमंत्री ठरतो तेव्हा नाशिकचा आमदार हात वर करतो, आणि हात वर करायला कुणी नको म्हणत नाही. मग पालकमंत्री ठरण्याची वेळ येते. १८ जानेवारी २०२५ ला यादी निघाली, नाशिकसाठी गिरीश महाजनांचे नाव आले आणि दुसऱ्याच दिवशी रायगडबरोबर नाशिकच्या नावालाही स्थगिती मिळाली. तोंडावर सिंहस्थ, आणि चौदा आमदारांच्या जिल्ह्याला आपला पालक कोण ते मुंबईहून कळण्याची वाट पाहावी लागली. जिथे वरचा नेता मोजून ठरत नाही, तिथे खालचे वाटपही मोजून होत नाही. ते रुसव्या-फुगव्यांतून होते.

एकमताच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. गुप्त मतदान आले की पैसा आला, असे ते म्हणतात. विधान परिषदेच्या निवडणुकीत मते फुटताना आपण पाहतोच. शिवाय मतमोजणी झाली की हरलेला गट उघडा पडतो, आणि सूडबुद्धीच्या राजकारणात उघडे पडणे महाग जाते. सहकारातल्या कुणालाही हे समजावून सांगावे लागत नाही. बाजार समितीच्या सभापतीची निवड जवळ आली की संचालक ‘सहलीला’ जातात आणि थेट मतदानाच्या सकाळी गाडीतून उतरतात. महापालिकेत बंद पाकिटातून नाव येते. मोजणीला आपण घाबरतो ते अनुभवाने.

पण एकमताने काय वाचवले? १९७८ च्या जुलैमध्ये सुमारे चाळीस आमदार घेऊन शरद पवार बाहेर पडले आणि अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाले. २०१९ च्या त्या पहाटे राष्ट्रवादीच्या आमदारांच्या सह्यांचा कागद राजभवनावर पोचला. नेतानिवडीच्या कामासाठी घेतलेल्या सह्या पाठिंब्याच्या पत्राला जोडल्या, असा आरोप खुद्द राष्ट्रवादीनेच केला. मतपत्रिकेऐवजी सह्यांचा कागद फिरवण्याची सवय लागली की असा कागद कुठेही पोचू शकतो. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे चाळीस आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले. बाजार समितीची सहल राज्याच्या पातळीवर निघाली, इतकेच. नांदगावचे सुहास कांदे आणि मालेगाव बाह्यचे दादा भुसे त्यात होते. फूट एकमतामुळेच पडते, असे यावरून सिद्ध होत नाही. पैसा, तपास यंत्रणा, दिल्ली, प्रत्येकाची आपापली कारणे होतीच. मात्र त्या चाळिसांना आपला नेता नको आहे हे पक्षाच्या बैठकीत, कागदावर, न घाबरता सांगण्याची सोय होती काय? नव्हती. मग ते विमानात बसून सांगितले गेले.

त्या जून महिन्यात कायद्याचा गुंता सुटेना तेव्हा तो येऊन पडला तोही एका नाशिककराच्या टेबलावर. विधानसभेचे अध्यक्षपद रिकामे होते आणि उपाध्यक्ष होते दिंडोरीचे नरहरी झिरवाळ. पक्षाने एकनाथ शिंदे यांना गटनेतेपदावरून काढून अजय चौधरींना नेमले, शिंदे गटाने उलट ठराव केला, आणि झिरवाळांनी चौधरींना मान्यता दिली. नंतर ३ जुलैला नवे अध्यक्ष राहुल नार्वेकर आले. त्यांनी शिंदे यांना गटनेते आणि भरत गोगावले यांना प्रतोद म्हणून मान्यता दिली. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की ही मान्यता कायद्याला धरून नव्हती. सभागृहातला नेता आणि प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही. पक्षांतरबंदीच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. निवडून आलेल्यांनी पक्षच पळवून नेऊ नये, हा त्यामागचा हेतू. सरकार त्यातून परत आले नाही, कारण उद्धव ठाकरे यांनी बहुमत चाचणीला सामोरे न जाताच राजीनामा दिला होता.

पण या निकालाने १९५६ च्या ४४४ मतांखालची जमीन जरा सरकली आहे. नेता नेमणे हा पक्षाचा अधिकार असेल, तर पक्ष म्हणजे कोण? जिल्हाध्यक्ष? प्रदेश कार्यकारिणी? दिल्लीतला संसदीय बोर्ड? की वर्गणीची पावती फाडलेला सिन्नरचा कार्यकर्ता? बाहेरच्या जगात याची दोन्ही टोके आहेत. १९९० च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनच्या सत्ताधारी हुजूर पक्षाच्या खासदारांनी आपल्याच पंतप्रधानांवर मतदान घेतले. मार्गारेट थॅचरना २०४, मायकेल हेसेल्टाइनना १५२. बहुमत होते, पण नियमाने लागणाऱ्या आघाडीला चार मते कमी पडली आणि दोन दिवसांत त्यांनी पायउतार होण्याची घोषणा केली. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात २०२२ मध्ये सत्ताधारी पक्षाच्या सदस्यांनी सहाव्या फेरीअखेर डॅनिएल स्मिथ यांना नेता केले आणि त्याच प्रांताच्या प्रमुख झाल्या. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये पक्षसदस्यांनी निवडलेल्या लिझ ट्रस दोन महिनेही टिकल्या नाहीत. सदस्यांच्या हाती दिले म्हणजे शहाणपण येईलच, असे नाही.

नाशिकला हेही नवे नाही. सप्टेंबर १९५० मध्ये काँग्रेसचे अधिवेशन इथे भरले, त्याचे अध्यक्ष पुरुषोत्तमदास टंडन. ते थोडेच आधी देशभरच्या प्रतिनिधींच्या मतांनी निवडून आले होते : टंडन १३०६, आचार्य कृपलानी १०९२ आणि आपले शंकरराव देव २०२. नेहरूंचा उमेदवार पडला होता. वर्षभरात टंडनांना राजीनामा द्यावा लागला आणि नेहरूच अध्यक्ष झाले. मोजलेली मतेही वजनदार माणसापुढे टिकतात असे नाही. तरी आज पाऊणशे वर्षांनी त्या पक्षाच्या तेव्हाच्या पोटात काय चालले होते हे समजून घ्यायला इतिहासकाराला ते तीन आकडे पुरतात. १९८२ च्या निरीक्षकाची वही कुठल्या कपाटात आहे हे मात्र कुणाला विचारावे?

यासाठी नवा कायदा लागत नाही. घटना याबाबत गप्प आहे, न्यायालयाने चेंडू पक्षांच्या अंगणात टाकला आहे, आणि पक्षांच्या घटना पक्षांनाच बदलता येतात. विधिमंडळ नेत्याच्या निवडीला एकापेक्षा अधिक नावे आली तर गुप्त मतदान घ्यायचे, एकच नाव आले तरी ‘हो’ आणि ‘नाही’ अशी मोजणी करायची आणि आकडे त्याच दिवशी जाहीर करायचे, एवढ्या तीन ओळी कुठल्याही पक्षाच्या नियमावलीत बसतात. नाशिकमध्ये सगळ्याच मोठ्या पक्षांची कार्यालये आहेत आणि जिल्हा बैठकीत ठराव करून तो प्रदेशाकडे पाठवता येतो. असा ठराव कोणत्या जिल्ह्याने आजवर पाठवला आहे काय, हे विचारायला येत्या आठवड्यात त्या कार्यालयांत कुणी गेले, तर चहा नक्की मिळेल.